जुन्या ट्रॅक्टरवरील रंग व गंज यांचे निष्कासन

कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात निर्माण झालेला फर्ग्युसन टीई-२० हा करड्या रंगाचा ट्रॅक्टर आज संग्राहकांच्या आस्थेचा विषय झाला आहे. त्यास नवा रंग देण्यापूर्वी जुने आवरण कसे काढावे, हा प्रश्न वरवर कारागिरीचा भासतो. परंतु त्याच्या मुळाशी रसायनशास्त्र आहे. उपायाची निवड चुकल्यास यंत्र व कारागीर या दोहोंची हानी संभवते.

गंज म्हणजे लोखंडाचे सजल ऑक्साइड. त्याचे आकारमान मूळ धातूच्या दुपटीहून अधिक असल्याने तो वरील रंग उचलतो, आणि सच्छिद्र असल्याने ओल धरून ठेवतो. म्हणूनच सुट्या गंजावर चढविलेला रंग टिकत नाही.

जुन्या रंगात व अस्तरात शिशाची संयुगे असण्याचा संभव असतो. तेव्हा प्रथम त्याची परीक्षा करावी. कोरडे घासणे व ज्योतीने जाळणे कटाक्षाने टाळावे.

वाळूचा मारा शीघ्र फलदायी खरा. पण त्याने बॉनेटचा पातळ पत्रा वाकतो, व सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे जायबंदी होतात. याच कारणास्तव ब्रिटनने १९४९ च्या नियमांन्वये अशा कामी वाळूचा वापर निषिद्ध ठरविला. कॉस्टिक सोडा तैलरंगाचे साबणीकरण करून तो सोडवितो. मात्र ॲल्युमिनियमचे भाग त्यात विरघळतात.

सुट्या पोलादी भागांसाठी विद्युत्-विच्छेदन अधिक सौम्य होय. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात तो भाग ऋणाग्रास व साध्या लोखंडाचा पत्रा धनाग्रास जोडतात. गंज सैल होतो, शाबूत धातू झिजत नाही. धनाग्र स्टेनलेस पोलादाचे असल्यास विषारी षट्संयुजी क्रोमियम द्रावणात उतरते, म्हणून ते वर्ज्य. हायड्रोजन निघत असल्याने हे काम मोकळ्या हवेत करावे. कठीण केलेल्या स्प्रिंगा या वायूमुळे ठिसूळ होऊ शकतात, म्हणून त्या यातून वगळाव्यात. खाचाखोचांत उरलेल्या गंजाचे फॉस्फोरिक आम्लाने फॉस्फेटात रूपांतर करता येते.

उघडा पडलेला धातू दमट हवेत काही तासांतच पुन्हा गंजू लागतो; यास्तव तो धुऊन, सुकवून त्याच दिवशी अस्तर द्यावे.

अखेरीस एक पथ्य. एखाद्या आडबाजूच्या भागावरील मूळ आवरण तसेच राखावे. कारखान्यात दिलेल्या रंगाची छटा व थर यांचा तोच प्रत्यक्ष पुरावा होय. एकदा खरवडून टाकल्यावर तो कोणत्याही प्रक्रियेने परत मिळत नाही.