गिटहबवर टाकलं म्हणजे ओपन सोर्स झालं का?

खारघरच्या एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, आमचा इंजिनियरिंगचा प्रोजेक्ट गिटहबवर पब्लिक केलाय. म्हणजे तो ओपन सोर्सच ना?"

नाही रे. लायसन्सची फाइल नसेल तर 1957 चा कॉपीराइट कायदा आपोआप लागू होतो. लोक तुमचा कोड बघतील, गिटहबवरच्या गिटहबवर फोर्कही करतील, पण स्वतःच्या कामात वापरायची परवानगी त्यांना मिळत नाही.

मग लायसन्स कुठलं? आपल्या लोहित फॉन्टचंच बघा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे हे फॉन्ट रेड हॅटने जीपीएलखाली खुले केले. जीपीएल म्हणतं, बदल करून पुढे वाटलंत तर तेही जीपीएलखालीच, सोर्ससकट. सॉफ्टवेअरला हे शोभतं. पण पीडीएफ बनवली की फॉन्टचा भाग त्या फाइलच्या आत जाऊन बसतो. मग लग्नपत्रिकेची पीडीएफही जीपीएलखाली आली की काय? आपल्याला हसू येईल, प्रकाशकाच्या वकिलाला नाही येत. जीपीएलला फॉन्टपुरती सूट जोडता येते, पण 2011 मध्ये लोहित सरळ ओपन फॉन्ट लायसन्सवर आला. त्यात स्पष्टच लिहिलंय की फॉन्ट वापरून केलेल्या दस्तऐवजाला ही अट लागू नाही. फॉन्ट बदला, वाटा, सॉफ्टवेअरसोबत विका. नुसता फॉन्ट तेवढा विकायचा नाही.

आता कोड ठेवायचा कुठे? लोहितचं घर होतं फेडोराहोस्टेड. ते 2017 मध्ये बंद झालं आणि प्रकल्प पागूरवर गेला. गूगल कोडला त्याआधीच, 2016 मध्ये टाळं लागलं होतं. गिटहब चालू आहे, पण 2018 पासून ते मायक्रोसॉफ्टचं आहे. गिटची गंमत अशी की प्रत्येक क्लोनमध्ये कोडचा पूर्ण इतिहास असतो, त्यामुळे सामान हलवणं सोपं. इश्यू आणि त्यावरच्या चर्चा मात्र क्लोनमध्ये येत नाहीत, आणि खरं शहाणपण बऱ्याचदा तिथेच असतं.

माझं विचाराल तर गिटहबवर राहा, माणसं तिथेच आहेत. जोडीला बर्लिनच्या ना-नफा कोडबर्गवर एक प्रत ठेवा. तिथे मुळात मुक्त लायसन्स असलेलेच प्रकल्प ठेवून घेतात.

आणि दादा, प्रोजेक्टमध्ये तुम्ही चौघं असाल तर हक्कही चौघांचा. नोकरीसाठी एक बंगळुरूला, एक परदेशी जायच्या आत सगळ्यांची लेखी संमती घे. कॉलेजचा मालकीबाबत काही नियम आहे का, तेही ऑफिसात विचारून ये.