पतिपत्नींचे सौख्य आणि विचारांची पडताळणी

दुकान वाढविण्याच्या वेळी एखादे मोठे गिऱ्हाईक येते, आणि आठ वाजता येतो म्हणून सांगून गेलेला गृहस्थ साडेदहाला घरी पोहोचतो. निरोप धाडावयाचे राहून गेलेले असते. पत्नी एक अक्षर न बोलता ताट वाढते व आत निघून जाते. तिच्या मनात आलेले असते, 'यांना माझी किंमतच नाही.' त्याच्या मनात येते, 'दिवसभर राबतो तो कोणासाठी? हिला कशाचेच समाधान नाही.' पुढले दोन दिवस बोलणे मुलांमार्फत चालते. असा प्रसंग कधीच घडला नाही असे घर आपल्या सभासदांत क्वचितच असेल.

वस्तुतः घडले ते एवढेच : अडीच तासांचा उशीर व न धाडलेला निरोप. बाकीचे सर्व दोघांनी आपापल्या मनात लिहिले. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. एरन बेक (१९२१–२०२१) यांनी १९६० नंतरच्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करताना हेच पाहिले. घटनेचा जो अर्थ मनात क्षणार्धात आपोआप उमटतो, तोच पुष्कळदा दुःखास कारण होतो. तो अर्थ तपासावयाची सवय लावणे हे त्यांच्या उपचाराचे मर्म होय. १९८८ साली 'लव्ह इज नेव्हर इनफ' या ग्रंथात त्यांनी ही पद्धत दांपत्यजीवनास लावून दाखविली. न्यूयॉर्कचे डॉ. अल्बर्ट एलिस १९५५ पासून अशाच मार्गाने चालले होते. त्यांची विचारसरणी आपल्याकडे रुजविण्याचे मोठे श्रेय मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांजकडे जाते.

या उपचाराची दुसरी बाजू वर्तनाची. तिचा आरंभ व्यापाऱ्यास ओळखीचा वाटेल असा आहे. १९६९ साली रिचर्ड स्टुअर्ट यांनी चार दांपत्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. पतीने मन लावून संभाषण केले की पत्नीने त्यास टोकन द्यावयाचे, व टोकने साठली की त्यांच्या मोबदल्यात तिने प्रेमाची वागणूक द्यावयाची! त्या दांपत्यांत सुधारणा दिसली, हे खरे; तथापि प्रेमाची अशी हुंडी वटविणे कितीजणांस रुचेल? पुढे ध्यानात आले की, पती सुधारला तरी 'डॉक्टरांनी सांगितले म्हणून करतात' असे पत्नीच्या मनात आल्यास त्या सुधारणेस मोल राहत नाही. म्हणून डोनाल्ड बॉकम व नॉर्मन एपस्टाइन यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात विचार व वर्तन यांची सांगड घातली.

प्रत्यक्ष बैठकीत उपदेश थोडा. दोघांनीही एक वही ठेवावयाची. तीत रकाने असे : प्रसंग, मनात आलेला विचार, भावना, विचारास आधार, विरुद्ध पुरावा आणि संभाव्य दुसरा अर्थ. पावतीवाचून कीर्दीत रक्कम न लिहिणारे आपण, घरात मात्र 'ही नेहमीच', 'हे कधीच' अशा रकमा बिनपुराव्याच्या लिहीत असतो. आपल्या गृहस्थाने त्या रात्री वही उघडली असती तर 'हिला समाधान नाही' यासमोर लिहावे लागले असते : ती माझ्यासाठी जेवावयाची थांबली होती. पत्नीस लिहावे लागले असते : माझ्या दुखण्यात तीन दिवस दुकान पुतण्यावर सोपवून हे घरी बसले होते. मग संभाषण. एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत सांगावे, मगच उत्तर द्यावे. ऐकावयास सोपे, करावयास अत्यंत कठीण.

सर्वांसच गुण येतो असे नव्हे. अमेरिकेत १३४ अतिशय त्रस्त दांपत्यांवर वर्तनोपचाराच्या दोन पद्धती योजून पाहण्यात आल्या. पाच वर्षांनंतर सुमारे निम्म्यांत लक्षणीय सुधारणा आढळली, तर सुमारे चतुर्थांश विभक्त झाली होती. आणि जेथे मारहाण वा धाक आहे, तेथे पत्नीस 'तुझा विचार तपास' म्हणणे हा शुद्ध अन्याय होय. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा व १८१ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

आपल्याकडील अडचण मात्र निराळीच. तंटा वडीलधाऱ्यांपुढे न्यावयाचा, आणि त्यांनी 'सांभाळून घे' म्हणून सुनेसच सांगावयाचे, ही जुनी रीत. तज्ज्ञ कोणाचा काका-मामा नसतो. तो दोघांचेही ऐकतो, व ऐकलेले गुप्त ठेवणे हा त्याच्या व्यवसायाचा नियमच असतो. आठवड्यास एक याप्रमाणे साधारणतः डझन-दीड डझन बैठका होतात. दुकानातून सवड नाही, ही सबब नेहमीची. बाजार बंद असतो तो वार यासाठी राखून ठेवता येईल.