औषध देणारा हात

ज्या श्रोत्यांनीं आप्ताच्या उशाशीं रुग्णालयांत एखादी रात्र काढली असेल, त्यांना औषधांची गाडी घेऊन खाटेखाटेशीं थांबणारी परिचारिका आठवत असेल. वैद्यानें लिहिलेली मात्रा औषधनिर्माता पडताळतो. त्याची चूक परिचारिकेच्या ध्यानांत येण्याचा संभव असतो. परंतु तिची चूक कोणीं पकडावी? तिच्या हातापुढें केवळ रुग्ण असतो, आणि तो बहुधा ग्लानींत.

अमेरिकेंतील टोपीका येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत स्यू किनिक या परिचारिका होत्या. १९९२ सालीं सिएटल येथें भाड्याची मोटार परत करतांना त्यांनीं पाहिलें, कीं तेथील नोकर हातांतील यंत्रानें मोटारीवरील बारकोड, म्हणजे जाडबारीक रेघांचें चिन्ह, वाचून क्षणांत काम उरकतो. मोटारीची ओळख अशी पटते, तर रुग्णाची कां पटूं नये? या सूचनेंतून टोपीका येथें नवी पद्धत उभी राहिली, आणि पुढें देशांतील माजी सैनिकांच्या इतर रुग्णालयांतही ती गेली.

कृति सोपी आहे. रुग्णाच्या मनगटपट्टीवरील बारकोड वाचावयाचा, मग औषधाच्या वेष्टनावरचा. संगणक ते वैद्याच्या आज्ञेशीं ताडतो. माणूस, औषध, मात्रा वा वेळ जुळली नाहीं तर इशारा देतो. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयांत औषध देण्याचे १४,०४१ प्रसंग तपासण्यांत आले. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें, वेळेच्या चुका वगळतां, यंत्र नसलेल्या कक्षांत ११.५ टक्के आणि यंत्र असलेल्या कक्षांत ६.८ टक्के चुका आढळल्या. लाभ मोठा खरा, पण चुका शून्यावर आल्या नाहींत.

२००८ सालीं समाजशास्त्रज्ञ रॉस कॉपेल व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकन रुग्णालयांत या यंत्राला बगल देण्याच्या १५ तऱ्हा व त्यांचीं ३१ कारणें नोंदविलीं. पट्टी भिजलेली किंवा रुग्णानें चावलेली, वेष्टन चुरगळलेलें, यंत्राची बॅटरी उतरलेली, आणि इकडे औषधाची वेळ टळत चाललेली! अशा वेळीं परिचारिका रुग्णाच्या बारकोडाची जादा प्रत काढून गाडीवर वा दाराच्या चौकटीवर चिकटवून ठेवीत. याला आळस म्हणणें अन्यायाचें होईल. तिला बोल लावण्यापूर्वीं अधिकाऱ्यांनीं बॅटरी पाहावी. तथापि धोका खराच. चौकटीवरचा बारकोड वाचला, कीं संगणक ओळख पटली असें मानतो. खाटेवर कोण निजलें आहे, हें त्याला ठाऊक नसतें.