तांब्याचे तोंड

दहावीचे वर्ष सुतकासारखे पाळायचे, अशी आपल्याकडे रीतच पडली आहे. टीव्ही बंद, पाहुण्यांना मज्जाव, कुकरने शिट्टीसुद्धा बेताने द्यायची! आमच्या घरी यंदा हे व्रत सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी मी कन्येला फर्मावले, "रंगपेटी वर्षभर माळ्यावर."

ती वाद घालील असे वाटले होते. पण तिने इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेचा अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "बाबा, तुमची सही तेवढी राहिली आहे."

सही मी केली नाही. "उद्या पाहू" म्हणालो. बाप नाही म्हणतो तेव्हा तो असेच म्हणतो!

रात्री मात्र झोप येईना. मला आमच्या तालुक्याच्या गावची शाळा आठवली. एलिमेंटरीच्या वर्गात सरांनी स्टुलावर एक पितळी तांब्या ठेवला होता. मी तासभर खपून तो काढला आणि ऐटीत कागद पुढे केला. सर हसले. "अरे, याचे तोंड वाटोळे गरगरीत का काढलेस?"

"सर, ते वाटोळेच आहे."

त्यांनी मला तांब्याजवळ उभे केले, मग वाकवले, मग उकिडवे बसवले. वरून पाहताना दिसणारे वर्तुळ खाली येता येता चपटे होत गेले आणि डोळ्यांच्या पातळीवर येताच त्याची नुसती आडवी रेघ उरली. सर म्हणाले, "तुला माहीत आहे ते काढू नकोस. दिसते ते काढ."

पुढे अनेक गुरू लाभले, एम. ए. झालो; पण इतक्या थोड्या शब्दांत इतके कोणी शिकवले नाही.

वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन ही या परीक्षांतील विषयांची नावे आम्हाला तेव्हा मंत्रासारखी पाठ होती. त्यांतल्या अक्षरलेखनाने मला पुढे मराठीकडे ओढले, असे मी मानतो. दोन अक्षरांतली जागा पट्टीने मोजून अगदी सारखी ठेवावी, तरी उभ्या काण्याचा 'ग' आणि गोल पोटाचा 'ठ' शेजारी आले की शब्द विसकटलेला दिसतो. तिथे पट्टी थकते. डोळ्यालाच न्याय करावा लागतो.

दहावीला मात्र आमच्या अण्णांनी माझी रंगपेटी माळ्यावर टाकली. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. कारकुनाच्या पगारात तीन मुले शिकवायची होती. चित्रे काढून पोट भरलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. पण ती पेटी पुन्हा खाली आली नाही, हेही तितकेच खरे.

आज वर्गात 'पाऊस' या विषयावर निबंध लिहायला सांगावे, तर साठांतली पन्नास मुले मोर नाचवतात. मोर त्यांनी पाहिलेला नसतो. वर्गाच्या गळक्या कोपऱ्यात लावलेली बादली रोज दिसते, ती एकाच्याही निबंधात येत नाही. ही सगळी गरगरीत वाटोळी तोंडेच नव्हेत काय?

आणि तांब्या म्हणजे काही सामान्य वस्तू नव्हे बरे का! चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने 1958 साली भारत सरकारला एक अहवाल दिला. भारतात पाहिलेल्या वस्तूंत त्यांनी सर्वांत वाखाणला तो आपला लोटा. पाणी किती मावावे, तो हातात धरावा की कमरेवर घ्यावा, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहावा, धार कशी पडावी, असे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवत त्याला हा आकार आला, हे त्यांनी उलगडून दाखवले. या अहवालानंतर 1961 साली अहमदाबादेला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आमच्या सरांनी हा अहवाल वाचला असेल असे वाटत नाही. पण त्यांचे स्टूल नेमके त्याच जागी होते.

हस्तकलेतून शिक्षण द्यावे, हा विचार 1937 साली आपल्याच वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडला होता. आज पालक एवढेच विचारतात, "चित्रकलेचे वाढीव गुण किती?" चित्रकलेच्या श्रेणीबद्दल दहावीच्या निकालात गुण मिळतात, ही सोय चांगलीच आहे; परंतु गुणांसाठी चित्र काढणे म्हणजे दक्षिणेसाठी आरती म्हणणे! मुलगा चित्रकार होवो वा न होवो, शाळेच्या शेवटच्या वर्षांत, मते पक्की होऊ लागतात नेमक्या त्या वयात, समोरचे आहे तसे पाहण्याची सवय त्याला लागली पाहिजे.

सकाळी मी अर्जावर सही केली. कन्येने काही न बोलता देवघरातला तांब्या आणून टेबलावर ठेवला आणि मलाही एक कागद दिला. तीस वर्षांनी पेन्सिल धरली होती. अर्ध्या तासाने तिने माझा कागद पाहिला.

"बाबा, तोंड किती वाटोळे काढलेत!"

वाचकहो, यंदा अभ्यंगस्नानाच्या वेळी तांब्या हातात घ्याल तेव्हा घटकाभर थांबा आणि त्याच्या तोंडाकडे नीट पाहा. उटणे थोडे वाळेल, एवढेच!