मॅगसेसे : सचोटीचे यश आणि तिची मर्यादा

मॅगसेसे हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते एका पुरस्काराचे नाव म्हणून. १९५८ साली हे पुरस्कार प्रथम देण्यात आले तेव्हा आचार्य विनोबा भावे यांची त्यांत निवड झाली. पुढच्याच वर्षी चिंतामणराव देशमुख यांची आणि १९८५ मध्ये बाबा आमटे यांची. परंतु ज्यांच्या नावाने हा गौरव केला जातो त्या रॅमन मॅगसेसे यांनी काय साधले आणि काय त्यांच्या हातून निसटले, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. भूमिसुधारणेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती करावी, इतके त्यांचे चरित्र उद्बोधक आहे.

फिलिपीन्समधील झांबालेस प्रांतात ३१ ऑगस्ट १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील लोहारकाम करीत, आई शिक्षिका. तरुणपणी त्यांनी एका बस कंपनीत मेकॅनिकची नोकरी धरली व तेथेच ते शाखा व्यवस्थापक झाले. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजांनी देश व्यापला तेव्हा ते गनिमी पथकांत सामील झाले, आणि युद्धानंतर, १९४६ साली, प्रतिनिधिगृहावर निवडून आले. जमीनदार व वकील घराण्यांची मिरासदारी असलेल्या तेथील राजकारणात असा माणूस विरळाच होता.

बंडाचे मूळ

त्या काळी मध्य लुझॉनच्या भातशेतीत कूळ आपल्या पिकाचा निम्मा वाटा जमीनदाराच्या घरी पोचवीत असे आणि उरलेला बहुधा कर्जापोटी जाई. याच कुळांनी १९४२ साली जपान्यांविरुद्ध ‘हुकबालाहाप’ ही सेना उभारली. १९४६ साली त्यांचे नेते लुईस तारुक व त्यांचे सहकारी रीतसर निवडून आले असताना त्यांना सभागृहात बसू दिले गेले नाही. तेव्हा या शेतकऱ्यांनी पुन्हा बंदुका उचलल्या. १९४९ च्या निवडणुकीत तर इतका गैरप्रकार झाला की, काही भागांत पक्ष्यांनी आणि झाडांनीही मतदान केले, असे लोक उपहासाने म्हणू लागले.

अशा परिस्थितीत सप्टेंबर १९५० मध्ये मॅगसेसे संरक्षणमंत्री झाले. त्यांनी अकार्यक्षम अधिकाऱ्यांना दूर केले, छावण्यांना अचानक भेटी देण्याचा परिपाठ ठेवला आणि सैन्याच्या अत्याचाराची तक्रार कोणाही नागरिकाने अवघ्या दहा सेंतावोंच्या तारेने थेट आपल्याकडे करावी, अशी सोय केली. १९५१ ची निवडणूक सैन्याच्या देखरेखीखाली बऱ्याच अंशी स्वच्छ पार पडली. शरण येणाऱ्या बंडखोरांना मिंदानाओ बेटावर जमीन देण्याची योजनाही त्यांनी आखली. प्रत्यक्षात वसविलेली कुटुंबे हजाराच्याही आतच होती आणि ती सारी बंडखोरांची नव्हती. पण ‘कसणाऱ्याला जमीन’ ही बंडखोरांची घोषणा सरकारच्या तोंडी आली, हा परिणाम मोठा होता.

१९५३ साली मंत्रिपद सोडून ते विरोधी पक्षातर्फे अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि सुमारे ६९ टक्के मते मिळवून विजयी झाले. त्यांच्या पाठीशी अमेरिकेचे बळ होते, अमेरिकन अधिकारी एडवर्ड लान्सडेल त्यांचे निकटचे सल्लागार होते, ही गोष्ट आता सर्वज्ञात आहे. तथापि लोकांचे प्रेम उसने आणलेले नव्हते. त्यांनी अध्यक्षीय प्रासादाचे दरवाजे सामान्यांना उघडले, तक्रारनिवारणासाठी स्वतंत्र यंत्रणा नेमली. मे १९५४ मध्ये तारुक शरण आले आणि बंड ओसरले.

कायद्याची पळवाट

खरी कसोटी यापुढे होती. ज्यांच्या वाट्याला जीवनात कमी आले त्यांना कायद्यात अधिक मिळावे, असे मॅगसेसे म्हणत. परंतु कायदा करणार होती ती जमीनदारांचे प्राबल्य असलेली काँग्रेस. १९५४ साली कुळांच्या हक्कांचा कायदा झाला. १९५५ साली जमीनसुधारणेचा. या दुसऱ्या कायद्यात सरकारने सक्तीने घ्यावयाच्या जमिनीची मर्यादा ठरली ती एका मालकाच्या सलग ३०० हेक्टरच्या वरची, म्हणजे सुमारे ७४० एकरांच्या वरची. कंपन्यांसाठी ती ६०० हेक्टर होती. शिवाय बहुसंख्य कुळांनी तशी मागणी करावी, ही अटही होती. ज्याच्या दारात कर्जासाठी उभे राहावयाचे, त्याच्याविरुद्ध अर्ज करावयाचा! महाराष्ट्राच्या १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने जिरायत जमिनीसाठी घातलेली सर्वसाधारण मर्यादा १२६ एकरांच्या वर नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे ही सुधारणा किती नाममात्र होती ते कळून येते.

जमीनदारांना धक्का न लावता भूमिहीनांना मिंदानाओकडे पाठविणे हा सोपा मार्ग उरला, आणि तो पुढेही चालू राहिला. परंतु ती भूमी रिकामी नव्हती. तेथील मुसलमान व आदिवासी जमातींच्या असंतोषाला या वसाहतींनी खतपाणी घातले आणि १९७० नंतर त्या बेटावर पेटलेल्या संघर्षाचे ते एक कारण ठरले.

१७ मार्च १९५७ रोजी सेबू बेटावरील विमान अपघातात मॅगसेसे मृत्यू पावले. विमानातील एकच जण वाचला. त्यानंतर अवघ्या पंधरवड्याने, १ एप्रिल १९५७ रोजी, तेव्हाच्या मुंबई राज्यात कुळकायद्यातील दुरुस्तीनुसार कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाऊ लागले. येथेही पळवाटा होत्या, कुळे आधीच बेदखल केली गेली होती. पण मालकीचा पाया कुळाच्या अर्जावर न ठेवता खुद्द कायद्यातच घातला गेला, हा फरक मोलाचा होता. फिलिपीन्समध्ये भातजमिनीची मर्यादा ७ हेक्टरपर्यंत खाली यावयास १९७२ साल उजाडले, तेही मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या अमलात. सर्व पिकांना लागू होणारा व्यापक कायदा १९८८ साली झाला.

मॅगसेसे यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रामाणिक माणूस मतपेटी राखू शकतो, सैनिकाला शिस्त लावू शकतो, गरिबाची तार वाचू शकतो. जमिनीची मालकी बदलण्यास मात्र विधिमंडळात बहुमत लागते, आणि ते कुळांच्या संघटित शक्तीवाचून मिळत नाही. नेमकी तीच शक्ती १९४६ साली सभागृहाच्या दारातून परत पाठविण्यात आली होती. मॅगसेसे यांच्यासारख्या लोकप्रिय अध्यक्षालाही ती उणीव पुढे भरून काढता आली नाही.