माहेबुर्गचा सोमवार

मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे चालतं. त्यामुळे मुंबईहून गेलेल्या माणसाला पहिले काही दिवस भल्या पहाटे टक्क जाग येते आणि हॉटेलचा नाश्ता सुरू व्हायला अजून बराच अवकाश असतो. या मोकळ्या वेळेची सोय कुठल्याच सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत नसते. माझं म्हणणं एवढंच, की दिवस सोमवार असेल तर सरळ माहेबुर्ग गाठावं आणि त्या दिवशीचं बाकी सगळं रद्द करून टाकावं.

आपल्याकडून मॉरिशसला जातात ते एक तर नवपरिणीत, नाहीतर टूर कंपनीबरोबर गेलेली कुटुंबं. दोघांचंही जेवण आधीच पॅकेजात बसवलेलं. बुफेच्या एका कोपऱ्यात ‘इंडियन’ अशी पाटी आणि पाटीखाली पनीर बटर मसाला. शामारेलची सात रंगांची माती पाहिली, गंगा तलावावर हात जोडले, स्पीडबोटीत बसून झालं, की मंडळी परततात. वर बॅगेतले ठेपले आणि शेव-चिवडा संपवल्याचं समाधान. ज्या बेटावर डाळीची पोळी हा रस्त्यावरचा सर्वांत लोकप्रिय पदार्थ आहे, तिथे घरून डबा न्यायचा म्हणजे कमालच झाली.

माहेबुर्ग हे आग्नेय किनाऱ्यावरचं जुनं बंदर. विमानतळ इथून अगदी जवळ, पण पर्यटक उतरला की थेट उत्तरेच्या किंवा पश्चिमेच्या रिसॉर्टकडे निघतो, म्हणून गाव अजून गावासारखं राहिलंय. समोरच्या खाडीत १८१० साली फ्रेंचांनी इंग्रजांना आरमारी लढाईत हरवलं. पॅरिसच्या विजयकमानीवर त्या लढाईचं नाव कोरलेलं आहे. त्याच वर्षाअखेर इंग्रजांनी अख्खं बेट घेतलं ती गोष्ट वेगळी. आता त्या पाण्यालगत दर सोमवारी मोठा बाजार भरतो. कपडे, प्लास्टिकच्या बादल्या, मुळा, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, आणि खाण्याच्या गाड्या.

पहिली गाडी दालपुरीची. काचेच्या पेटीत ओलसर फडक्याखाली पुऱ्यांची चळत असते. पुरी म्हटलं तरी ती तळलेली नव्हे. तव्यावर जराशा तेलावर भाजलेली, पातळ, मऊ, हळदीने पिवळी झालेली. सारण डाळीचं, पण गूळ नाही. डाळ बोटचेपी शिजवून पूर्ण निथळायची, मग कोरडी वाटून रव्यासारखी मोकळी करायची, त्यात हळद आणि जिऱ्याची पूड. निथळलेलं पाणी फेकत नाहीत, त्यातच पीठ मळतात. कट बाजूला काढून पुरण वाटणाऱ्या आपल्या बायकांना ही रीत कोणी शिकवायला नको.

मागायची ती ‘एन पेर’, म्हणजे जोडी. एकच दालपुरी मागितली तर विक्रेता आपल्याकडे जरा दयेनं बघतो. तो चळतीवरून दोन पुऱ्या उचलून कागदावर पसरतो, एक चमचा पांढऱ्या मोठ्या पावट्यांची पातळ आमटी, एक चमचा रुगाय, म्हणजे टोमॅटोचा रस्सा, थोडी कोथिंबिरीची चटणी, थोडं आचार घालतो, आणि मग मान वर करून विचारतो, ‘पिमा?’ मिरची हवी का? होय म्हणताना विचार करावा, ती मिरची साधी नसते. मग गुंडाळी, कागदाला एक पीळ, पुढचं गिऱ्हाईक. हे सगळं इतक्या झपाट्यानं होतं की पैसे काढेपर्यंत आपली पुरी हातात आलेली असते. रस खालून कोपरापर्यंत ओघळतो, त्यामुळे उभ्यानं, थोडं पुढे वाकून खायची.

या पुरीमागे सगळा इतिहास आहे. बेटावर मूळचं कोणी राहतच नव्हतं. डच १५९८ साली उतरले, त्यांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून त्या उसाचे मळे वाढवले. १८३५ मध्ये गुलामगिरी उठली, पण मळेवाल्यांनी त्याआधीच हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून छत्तीस जण पोर्ट लुईला उतरले. ती तारीख आज तिथे सार्वजनिक सुट्टीची आहे. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं आली. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली, आणि त्यांत आपल्याकडची माणसंही होती. या लोकांना पगाराबरोबर शिधा मिळे तो तांदूळ, डाळ, मीठ असा. त्या शिध्यात बिहारची डाळपुरी जगली, आणि फ्रेंच मळ्यातला टोमॅटोचा रस्सा तिच्यावर येऊन बसला. आज ती हिंदूच्या लग्नात खिरीबरोबर वाढतात आणि क्रिओल ख्रिस्ती किंवा चिनी माणूस ऑफिसला जाताना बसस्टॉपवर खातो.

दुसरी गाडी गातो पिमाची. नावात केक असला तरी हा आपला डाळवडाच आहे: भिजवलेली डाळ भरड वाटून त्यात पातीचा कांदा, कोथिंबीर, मिरची. तिथली सकाळची रीत अशी, की फ्रेंच पद्धतीच्या कुरकुरीत पावाला लोणी लावायचं आणि आत तीन-चार गरम वडे दाबायचे. लोणी वितळून डाळीत मुरतं. वडापावात लोणी घालायचं आपल्याला का सुचलं नाही, असं ते खाताना वाटून जातं.

बाजारापासून चालत, मधली नदी ओलांडून पलीकडे गेलं की कसाव्याच्या बिस्किटांचा एक छोटा कारखाना लागतो. रो कुटुंबाने तो १८७० मध्ये सुरू केला. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद. फ्रेंच गव्हर्नर ला बुर्दोने याने अठराव्या शतकात गुलामांना स्वस्तात पोसायला तो बेटावर रुजवला. माहेबुर्ग हे गावाचं नावही त्याच्याच नावातल्या ‘माहे’वरून पडलं. कंद सोलून, किसून, पिळून त्यातला विषारी रस काढतात, पीठ वाळवून चाळतात आणि तापलेल्या पत्र्यावर चौकोनी साच्यांत घालतात. खाली जाळ उसाच्या वाळक्या पाल्याचा. पीठ पाणी न घालताच आपल्या ओलाव्यावर चिकटतं. बायका हातानं ते उलटतात, दाबतात, कडा साफ करतात, आणि पाहणाऱ्याला शेवटी चहाबरोबर नारळाचं, दालचिनीचं, बडीशेपेचं असं एकेक बिस्किट मिळतं. खरं सांगायचं तर पहिला घास कोरडा लागतो. चहात बुडवला की मग कळतं. चहा बहुधा व्हॅनिलाचा असतो; दक्षिणेकडच्या बुआ शेरीच्या मळ्यांत १८९२ पासून चहा होतो.

दुपारचं जेवण समुद्राजवळच्या एखाद्या साध्या खानावळीत घ्यावं. मासे खाणाऱ्यांनी विंदाय मागावा. तळलेल्या माशाच्या तुकड्यांना वाटलेली मोहरी, हळद, लसूण, उभा कांदा, मिरची आणि व्हिनेगर. हा आपल्या गोव्याच्या विंदालूचा नात्यातलाच, पण त्याला मोहरीची धार आहे आणि तो गार करून, मुरवून खातात. मी तरी विंदालूपेक्षा याला वरचं पान देईन. ऑक्टोपसची आमटीही इथे घरोघर होते. सहाशे किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर बायका ओहोटीला खडकांतून चालत भाल्यानं ऑक्टोपस टिपतात. तो संपत चालला म्हणून तिथे २०१२ पासून दरवर्षी काही आठवडे पकडायला बंदी असते. माहेबुर्गच्या मासेमारांना वेगळाच फटका बसला. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशियो’ हे जपानी मालकीचं जहाज जवळच्या प्रवाळावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल याच पाण्यात सांडलं. लोकांनी उसाचा पाला जाळ्यांत भरून लांबच लांब बांध केले आणि तेल अडवायला समुद्रात सोडले. मासेमारी कित्येक महिने बंद होती.

शाकाहारी माणसाचंही काही अडत नाही. भात, काळ्या मसुराची आमटी, लाल भोपळ्याची वाफेवरची भाजी, कच्च्या कारल्याची कोशिंबीर, आणि शेवग्याच्या पाल्याचं आलं-लसूण घातलेलं पातळ सार. तांदूळ, डाळ, पीठ हे सगळं बाहेरून आयात होतं, कारण पिकाऊ जमीन दोन-तीनशे वर्षं उसाने अडवून धरली. आता ऊसही कमी होतोय.

जेवणानंतर ब्लू बेला जाऊन पडून राहावं. प्रवाळ राखलेला हा किनारा आहे, पाणी इतकं नितळ की उथळात मासे वरूनच दिसतात. तिथे अननसवाला येतो. त्याचा अननस व्हिक्टोरिया जातीचा, लहानखुरा, गोड. साल काढून झाली की तो डोळे एकेक खोदत बसत नाही. तिरक्या रेषेत सुरी फिरवत मळसूत्रासारखी खाच पाडतो, सगळे डोळे एका ओळीत निघून येतात. देठ धरायला ठेवून उभे चार भाग करतो आणि वर मिरची, मीठ, चिंचेचं पाणी. पुण्यामुंबईच्या शाळेबाहेर पेरूला मीठ-मसाला लावून खाल्लेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, फक्त तिखट जरा जास्त वाटेल. उतारा म्हणून अलूदा प्यावा: गार दूध, सब्जा, किसलेली अगर-अगरची जेली आणि व्हॅनिला.

संध्याकाळी गावात परतलं की चिनी खाण्याचा वास सुटलेला असतो. बेटावरचे चिनी बहुतेक हक्का. त्यांची वाफवलेली ‘बुलेत’, म्हणजे गोळे, सूपमध्ये घालून मिळतात, त्यांतली शूशू नावाच्या दुधीसारख्या भाजीची शाकाहारी असतील असं वाटतं, पण पुष्कळदा त्यांतही सुकी कोळंबी असते. विचारून घ्यावं.

दिवाळीच्या सुमारास गेलात तर आणखी एक गोष्ट चुकवू नका. तिथे दिवाळीलाही सुट्टी असते आणि गणेश चतुर्थीलाही. मराठी मंडळी संख्येने थोडी, पण गणपतीत झाकरी नाचतात, आणि मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवलं जातं. दिवाळीचा तिथला मुख्य पदार्थ मात्र ना लाडू ना चकली. तो आहे गातो पतात, म्हणजे रताळ्याची करंजी. घराघरांतून ताटं भरून मुसलमान, क्रिओल, चिनी शेजाऱ्यांकडे जातात. मी ज्या घरी राहिलो तिथल्या काकूंनी रताळी उकडून, सोलून, मळून त्यात मावेल तेवढाच मैदा घातला, पातळ लाटून वाटीनं गोल कापले, आत ओलं खोबरं, साखर आणि वेलची भरली, कडा काट्यानं दाबल्या आणि मध्यम आचेवर तळल्या.

घरी करून बघायच्या असतील तर रताळी उकडण्यापेक्षा वाफवावीत, आणि गरम असतानाच कुस्करावीत म्हणजे गुठळी राहत नाही. पाणी राहिलं तर मैदा जास्त लागतो आणि करंजी चामट होते. सारणही आधी परतून कोरडं करून घ्यावं, नाहीतर करंजी तेलात फुटते. दुसऱ्या दिवशी या करंज्या मऊ पडतात. तशाच खातात, परत तळत नाहीत.