पोटावरचा नाका

सीमेवरच्या आमच्या अच्छाडला नाका म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. मधुमेहाने गांजलेल्या वहिनींनी जठराला सिलिकॉनचा पट्टा बसवून घेतला, तेव्हा मी त्यालाही नाकाच म्हटले. 1993 साली बेल्जियममध्ये दुर्बिणीतून प्रथम बसवलेला हा पट्टा. कातडीखाली छोटी डबी. तिच्यात सुईने सलाईन भरले की पट्टा आवळतो, काढले की सैलावतो. त्यासाठी दर वेळी मुंबई गाठायची! घाईने गिळलेला घास अडतो, उलटी होते. आइस्क्रीम मात्र बिनबोभाट सुटते. पट्टा सरकला तर काढावाही लागतो. म्हणून आता स्लीव्ह शस्त्रक्रियाच अधिक होतात. प्रत्येक घास सावकाश चावत वहिनी म्हणतात, ‘‘भाऊजी, नाका डॉक्टरांनी बांधला, पहारा माझाच!’’